पुन्हा भरलेलं काडतूस आणि नखरेल रायफल

‘घटनास्थळावरून चार रिकाम्या पुंगळ्या जप्त’ असं बातमीत वाचून आपण पुढे सरकतो. गोळी गेली, मागे टरफल राहिलं, असा आपला समज. प्रत्यक्षात काडतुसातला सगळ्यात मेहनतीने घडवलेला आणि बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग म्हणजे ही पुंगळीच. गोळी निघून जाते, दारू जळते, दारू पेटवणारा प्रायमर एका ठोक्यात संपतो, पितळ मात्र शिल्लक राहतं. ते साफ करून, आकारात आणून पुन्हा भरता येतं. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. लोक घराच्या गॅरेजमध्ये टेबल मांडून काडतुसं भरतात, त्याचे व्हिडिओ टाकतात, आणि ते व्हिडिओ मुंबईत बसून बघणारेही कमी नाहीत.

माझा भाचा त्यातलाच. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायला लागल्यापासून त्याच्या मोबाइलवर दुसरं काही दिसत नाही. “मामा, एवढं स्वस्तात पडतं, तर आपल्याकडे का नाही करत कोणी?” हा त्याचा प्रश्न. कायद्याचं उत्तर छोटं आहे, ते पुढे देतो. मला जास्त रस आहे तो यंत्राच्या उत्तरात. व्हिडिओत जे आठ मिनिटांत उरकतं, त्यातली निम्मी काळजी कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्यातून रायफल सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे फैरीनंतर पुढचं काडतूस स्वतःच भरणारी, असेल तर काळजी दुप्पट होते.

आधी काडतूस उघडून बघू. पितळेची पुंगळी. तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी इवलीशी टोपी. पुंगळीच्या पोटात दारू. तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, ज्योत आत जाते आणि दारू पेटते. ही दारू बंद जागेत झपाट्याने जळते आणि तिचा वायू होतो. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसात हा दाब ६० हजार पीएसआयच्या घरात जातो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ भरतो.

एवढ्या दाबाखाली पितळ फुगतं आणि नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे वायू मागे फुटत नाही. दाब उतरला की ते किंचित आकसतं, म्हणून ओढून बाहेर काढता येतं. फुगायचं, पण फाटायचं नाही, आणि वेळेवर सैल व्हायचं, ही तीन कामं जमतात म्हणून ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं हे मिश्रण दीडशे वर्षं टिकून आहे. स्टीलच्या पुंगळ्याही असतात, पण पुन्हा भरणारे लोक त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत.

या पितळेचं आणि आपल्या पावसाळ्याचं जुनं वैर आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजांच्या साठ्यातली काडतुसं पावसाळ्यात ठेवल्याजागी तडकायची. न वापरता, न हाताळता मानेशी, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाजवळच्या अरुंद भागाशी, चिरा पडायच्या. पावसात मोहिमा थंडावायच्या, तोवर दारूगोळा तबेल्यांत रचून ठेवलेला असायचा. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, या तिन्हींनी मिळून हे व्हायचं. नेमकं कारण धातुशास्त्रज्ञांनी १९२१ साली मांडलं. उपाय म्हणजे पुंगळी घडवल्यावर मानेला शेक देऊन तो ताण काढून टाकायचा. आजही लष्करी पुंगळीच्या मानेपासून खांद्यापर्यंत, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथपर्यंत, निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच शेकाची खूण.

पुन्हा भरणाऱ्याला हा इतिहास कामाचा आहे. दर वेळी पुंगळी फुगते, तो ती दाबून पुन्हा आकारात आणतो, आणि दर वेळी मानेचं पितळ थोडं कडक होतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर ते गोळीला नीट धरत नाही किंवा मानेशी उभी चीर जाते. म्हणून काही जण मधूनमधून मान पुन्हा शेकतात, पण फक्त मान. बुडाला उष्णता लागली की पितळ मऊ पडतं. खरा दाब पेलायचा असतो तो बुडाशी, त्यामुळे अशी पुंगळी सरळ भंगारात टाकायची.

आता रायफलीकडे. बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक फैरीनंतर माणूस चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हाताने मागे ओढतो आणि पुढे ढकलतो. काडतूस किंचित जाड असलं, लांब असलं, तर बोल्ट अडतो. तळहाताला कळतं, माणूस थांबतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम काडतूसच करतं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षं दिसत आलेली एसएलआर घ्या. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं. गोळी त्याच्या पुढे सरकली की मागचा थोडा वायू त्या भोकातून वर शिरतो आणि एक दांडा मागे ढकलतो. त्या धक्क्याने बोल्ट सुटतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलतो, चेंबरमध्ये कोंबतो आणि बंद होतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं, आणि यात काही अडतंय हे जाणवणारा हात कुठेच नसतो.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचं काडतूस गोळी तर उडवतंच, शिवाय रायफलही तेच चालवतं. ते भरणारा माणूस नकळत त्या यंत्राचा एक सुटा भाग घरी बनवत असतो. मग त्या भागाची मापं, ताकद आणि वेळ, सगळंच जुळावं लागतं.

पहिली गोष्ट मापाची. बोल्ट-ॲक्शनवाला, पुंगळ्या त्याच्याच रायफलीतल्या असतील तर, फक्त मान आवळून भागवू शकतो. बाकी पुंगळी त्याच्याच चेंबरच्या साच्यात फुगलेली असते, ती परत तिथे बरोबर बसते. सेमी-ऑटोमॅटिकवाल्याला अख्खी पुंगळी डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यातून, काढावी लागते आणि खांदा थोडा मागे ढकलावा लागतो, म्हणजे काडतूस विनातक्रार आत घसरेल. हा ‘थोडा’ म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. कमी पडला तर काडतूस पूर्ण आत बसत नाही. जास्त झाला तर फैरीच्या वेळी पुंगळीला मागे-पुढे हलायला जागा मिळते आणि ती ताणली जाते.

हे ताणलं जाणं फसवं असतं. पितळ बुडाच्या जरा वर, आतून पातळ होत जातं. बाहेरून कधी चकाकती रेघ दिसते, कधी काहीच दिसत नाही. जुने लोक कागदाला लावायची क्लिप सरळ करून तिचं टोक वाकवतात आणि पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून वर ओढतात. बुडाजवळ टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं की ती पुंगळी बाद. तीच भरली तर पुढच्या फैरीला बूड तुटून बाहेर येतं, उरलेली नळकांडी चेंबरमध्येच अडकते आणि गरम वायू सुटायला वाट शोधतो. लष्करी रायफलींची चेंबरं मुळातच ऐसपैस ठेवलेली असतात. चिखल, धूळ, कुठल्याही कारखान्याचं काडतूस, सगळं चालून जावं म्हणून. युद्धात ते सोयीचं पडतं. पुन्हा भरणाऱ्याला मात्र प्रत्येक फैरीमागे जास्त ताणलेली पुंगळी हातात येते.

त्या पुंगळीकडे नीट बघितलं की रायफलीचा स्वभाव कळतो. काठावर ओरखडा असतो तो पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाचा. मधोमध पोचा, कारण बाहेर उडताना ती धातूवर आदळलेली असते. मानेवर काजळी, बुडावर कारखान्याचे शिक्के. आपल्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’, वरणगावचा ‘ओएफव्ही’. मधोमध प्रायमरवर पिनेचा खड्डा. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले लोक याच खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून पुंगळी कुठल्या हत्यारातून सुटली ते सांगतात.

दुसरी गोष्ट प्रायमरची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथे लावायला हवं. काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत, उदाहरणार्थ अमेरिकेची एम-१ गॅरंड किंवा एआर-१५, फायरिंग पिन मोकळी असते. तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट धाडकन बंद होतो तेव्हा ही पिन स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन प्रायमरला हलकासा टोला मारते. न झाडलेलं काडतूस परत काढून बघितलं तर प्रायमरवर बारीक ठिपका दिसतो. कारखान्यातल्या लष्करी प्रायमरचं कवच जाणूनबुजून कडक ठेवतात, त्यामुळे या टोल्याने काही होत नाही. घरी भरताना नाजूक प्रायमर वापरला, किंवा तो बुडाच्या पातळीपेक्षा जरासा वर राहिला, तर चाप न ओढताच काडतूस सुटू शकतं. बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधी ते घडलं तर स्फोट चेहऱ्यासमोर, उघड्या बोल्टमधून. म्हणून भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायची सवय असते. प्रायमर किंचित खोल लागला पाहिजे, बोटाला उंचवटा लागता कामा नये. एसएलआरच्या पिनेला मागे ठेवणारी स्प्रिंग असते, त्यामुळे तिथे हा धोका बराच कमी.

लष्करी पुंगळीत आणखी एक अडचण. प्रायमर धक्क्याने सुटून यंत्रात पडू नये म्हणून त्याच्या भोवतीचं पितळ ठोकून आत वळवलेलं असतं. जुना प्रायमर काढल्यावर ही वळी काढल्याशिवाय नवा सरळ बसत नाही. आणि पुंगळी बर्डन पद्धतीची निघाली तर पुन्हा भरण्याचा विचारच बहुतेक जण सोडून देतात, कारण तिच्यात नेहमीच्या बॉक्सर पद्धतीसारखं मधलं एक भोक नसतं, कडेला दोन बारीक भोकं असतात, आणि नेहमीच्या डायमधल्या पिनेने प्रायमर निघत नाही. गंमत बघा, बर्डन अमेरिकन, बॉक्सर इंग्रज. दोघांचीही प्रायमरची रचना १८६०च्या दशकातली. आज अमेरिका बॉक्सरची पद्धत वापरते, आणि युरोपातल्या कित्येक कारखान्यांनी बर्डनची धरली.

तिसरी गोष्ट दारूची. सगळी दारू एका वेगाने जळत नाही. कुठली लवकर दाब चढवते आणि उतरवते, कुठली सावकाश. गोळीचा वेग दोन्हींत सारखा मिळाला तरी गोळी नळीतल्या त्या भोकापाशी पोचते तेव्हा मागे किती दाब उरलेला आहे, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सेमी-ऑटोमॅटिकला त्या एका क्षणीचा दाब मोजून-मापून लागतो. कमी मिळाला तर बोल्ट अर्धवट मागे येतो आणि पुंगळी अडकते. जास्त मिळाला तर बोल्ट फार जोरात, फार लवकर सुटतो, पुंगळी अजून भिंतीला चिकटलेली असताना. मग एक्स्ट्रॅक्टर काठच फाडतो. गॅरंडचं वायूचं भोक नळीच्या तोंडाजवळ आहे. तिच्यात सावकाश जळणारी दारू वापरली की तिचा लांब दांडा वाकतो. एसएलआरला निदान वायू कमी-जास्त करायची कडी आहे. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीला ती सोय नव्हती, आणि ते महागात पडलं.

एम-१६ची चाचणी एका जातीच्या दारूवर झाली होती. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराने तिच्या काडतुसासाठी दुसरी, बारीक गोल दाण्यांची दारू स्वीकारली. गोळीचा वेग जमला, पण भोकापाशी दाब वाढला. रायफल ठरल्यापेक्षा वेगाने चालू लागली, आत राखही जास्त साचू लागली. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, व्हिएतनामच्या दमट हवेत गंज चढायचा, आणि साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलेलं नव्हतं. ऐन चकमकीत पुंगळ्या अडकून सैनिक मारले गेले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपर्यंत गेलं, १९६७ मध्ये चौकशी अहवाल आला. चाचणीची मैदानं, तज्ज्ञ आणि अमाप पैसा हाताशी असलेल्या लष्कराला दारू बदलण्याचा हिशेब चुकला. घरी टेबलावर बसलेल्या माणसाकडे कुठल्या गोळीला कुठली दारू किती, याचा छापील तक्ता असतो. त्यातली गोळी, प्रायमर, पुंगळी आणि दारू यांपैकी एकही गोष्ट बदलली की तो तक्ता त्याला लागू राहत नाही. हे व्हिडिओत कोणी ओरडून सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

बाकीचं थोडक्यात. फैरींमागून पुंगळी लांब होत जाते, तिची मान कापून मापात आणावी लागते. ७.६२ बाय ५१च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर. तयार काडतूस मॅगझिनमध्ये मावायला हवं. वर चढताना गोळीचं टोक आपटतं तेव्हा ती आत सरकता कामा नये, सरकली तर आतली जागा घटते आणि दाब वाढतो. दारू ग्रेनमध्ये मोजतात, आणि काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा लागतो. एखाद्या पुंगळीत दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून मध्येच अडकू शकते. आवाज दबका येतो, रायफल स्वतःहून भरत नाही. तिथे थांबायचं. बोल्ट ओढून पुढची झाडली तर नळी फुटते. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, पुंगळ्या घुसळून साफ करताना त्याची धूळ उडते. त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करणारा माणूस घरच्यांच्याही जिवाशी खेळतो.

पैसे वाचतात का? पुंगळी पुन्हा वापरली की हिशेब कागदावर चांगला दिसतो. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफल तीच पुंगळी चार-पाच मीटर लांब गवतात भिरकावते, आणि सापडलेल्यांतल्या काही पोचे पडलेल्या निघतात. हा छंद असलेले अमेरिकी लोक स्वतःच हसून सांगतात की खर्च तेवढाच राहतो, फैरी मात्र वाढतात. ज्याला एका ठरावीक रायफलीला रुचेल असं नेमकं काडतूस हवं आहे, किंवा ज्याच्या जुन्या रायफलीचं काडतूस बाजारात मिळेनासं झालंय, त्याच्यासाठी हे खरंच कामाचं.

आता भाच्याला कायद्याचं उत्तर. पहिलं म्हणजे, ५० मीटरच्या स्पर्धेत वापरतात ते .२२चं काडतूस पुन्हा भरण्याच्या कामाचंच नाही. त्याला वेगळा प्रायमर नसतो. पेटणारं रसायन पुंगळीच्या काठाच्या आत फिरवून बसवलेलं असतं, आणि पिन काठ चेपून ते पेटवते. चेपलेला काठ पुन्हा उभा करता येत नाही. आपला स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेऊन आला, तो याच .२२वर. दहा मीटरच्या एअर रायफलीत तर दारूच नाही.

दुसरं, शस्त्र अधिनियम, १९५९ची व्याख्या वाचली की बरेच गैरसमज दूर होतात. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही धरली आहेत. म्हणजे परदेशी दुकानातून मागवायला निघालेली ती काडतूस भरायची प्रेस आणि डाय कस्टमच्या नजरेत स्वयंपाकाचं भांडं ठरत नाहीत. परवान्याशिवाय काडतूस बनवणं कलम ५ने बंद आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूसाठी १८८४चा स्फोटक अधिनियम वेगळा, त्याचा कारभार नागपूरच्या मुख्यालयातून चालतो. आणि शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधांच्या वरच्या वर्गात मोडतात. ७.६२ किंवा .३०३चं लष्करी काडतूस चालणारी रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही.

“मग रेंजवरची एखादी पुंगळी आठवण म्हणून आणली तर?” हा त्याचा पुढचा प्रश्न. रिकामी पुंगळी असली तरी विचारल्याशिवाय उचलू नकोस, आणि रेंजला नेलेली बॅग विमानाने जाताना घेऊ नकोस. मुंबई विमानतळावर तपासणीत बॅगेच्या कप्प्यातून विसरलेलं जिवंत काडतूस निघतं आणि प्रवासी थेट पोलीस ठाण्यात जातो, हे वारंवार घडतं. असं काडतूस बॅगेत असल्याची जाणीव होती का, हा निकष न्यायालयं लावतात आणि त्यावर बरेच जण पुढे सुटतातही. पण विमान तोवर गेलेलं असतं आणि वकील लागलेला असतो. पोलिसांच्या आणि लष्कराच्या सरावात म्हणूनच जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या मोजून परत घेतात. एखादी कमी भरली तर सगळ्यांना गवतात वाकून शोधायला लावतात, आणि ती सापडेपर्यंत हजेरी सुटत नाही.